नावाड्याच्या मानेवरची रेघ

—अहो बाई, खोली बघून झाली म्हणून लगेच कुठं निघालात, बसा, चहा घ्या. वर कुणी राहायला आलं की खाली पावलं ऐकू येतात, तेवढंच बरं वाटतं. हे मशीन? बंदच असतं. चोवीस वर्षं मी यावर खेळण्यांचे साचे कोरले, दादाच्या कारखान्यासाठी—आमचं अख्खं चेंगहाय शहर तेच करतं, त्यात काय! हां, तेच ठोकळे, एकावर एक बसणारे. चोरी? छे हो, ठोकळ्याचं पेटंट कधीच संपलंय, तो कुणीही करावा. पण ठोकळ्यांसोबतचा तो बोटभर नावाडी—त्याचं रूप मूळ ठोकळेवाल्या परदेशी कंपनीचं, ते घ्यायचं नाही. दादानं घेतलं. म्हणजे—कोरलं मीच.

खटला झाला की! दादाचं म्हणणं, नावाडी आमच्या डोक्यातून निघाला. सुटलाही असता. पण त्यांच्या नावाड्याच्या मानेवर केसाएवढी रेघ होती—तिकडच्या कारागिराचं हत्यार निसटलं असणार—आणि ती आमच्याही नावाड्याला होती. मला भिंगाखाली दिसली, मी कोरली. सोडवेना. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा हात मला घरच्यासारखा कळायचा. हसू नका.

दादानं साक्षीआधीच पढवलेलं, "रोंगताव, आठवत नाही म्हण. बास." म्हणणारच होतो! पण कोर्टात कंपनीच्या वकीलबाईनं दोन्ही नावाडी तळहातावर घेतले, म्हणाली, "इतकं बारीक काम! कुणी केलंय हो हे?" आणि मी म्हणालो, मी.

लोकांना वाटतं, खरं बोलायला धीर लागला असेल. कसला धीर! चोवीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. दादानंसुद्धा नाही. म्हणून तोंडातून गेलं—हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला कसं सांगून बसलो कोण जाणे.

कारखाना गेला. साचे माझ्यासमोर कापले. दादा? आहे की, पलीकडच्याच गल्लीत. खटल्याला सहा वर्षं झाली. नव्या वर्षाला मी संत्री घेऊन जातो. वहिनी दार उघडते, संत्री घेते, रीत म्हणून दोन माझ्या हातात परत ठेवते—आणि आतून दादा विचारतो, "कोण आहे गं?" ती म्हणते, "कुणी नाही."

...राहू द्या तो कप, मी धुतो. निघा तुम्ही आता. निघा.