आधी दगड, मग जांभूळ

—नाय नाय, करडा नको. काळा म्हटलं ना तुला फोनवर? काळा म्हंजे काळा, तव्याच्या बुडासारखा. खालपासून वर, जिथवर तुझी शिडी पोचते तिथवर. काय? चुना नवीन हाय? हाय ना. पंधरा दिवसांपूर्वीच मारलाय, मीच उभं राहून मारून घेतला. मग? माझी भिंत, माझा चुना, मला वाटलं तर मी शेन थापीन — तुला काय करायचंय? तू पेंटर प्रमोद ना, अंबरनाथचा, दुकानांच्या पाट्या लिहिनारा? मग झालं तर. आमच्या अनंताचं फरशीचं दुकान हाय स्टेशन रोडला, त्याची जाहिरात टाकायची हाय हितं. काळ्यावर पिवळी अक्षरं. अक्षरं उद्या लिही, परवा लिही, दिवाळीला लिही, मला घाई नाय. काळा मात्र आज पायजे. पाचच्या आत. आनि मनातल्या मनात हसू नको — आता सगळीकडं फ्लेक्स लागलेत, हातानं लिहिनाऱ्याला कोन विचारतंय? मी विचारलं. तेवढं लक्षात ठेव नि हात चालव.

आजच का? वाचलास वाटतं तो कागद, देवळाच्या खांबाला चिकटवलाय तो. हां, हीच ती भिंत. 'कोंडाजी पाटलांच्या भिंतीवर, संध्याकाळी साडेसातला, बदलापूर गावाची हलती चित्रं.' कोंडाजी म्हंजे मीच. ती पोरगी दाखवनार हाय, यशोधरा नाव तिचं, शिरगावात राहाते, स्कूटीवर फिरते. चित्रं काढते कंपूटरवर, नि ती चित्रं चालतात, बोलतात, पोहतात पन म्हने. एकटीच करते सगळं. कंपनी नाय, शेठ नाय, साहेब नाय. एका जीन्सच्या कारखान्याच्या भिंतीवर दाखवला तिनं असा एक सिनेमा, धागे कापनाऱ्या बायांचा. बाया आपलीच चित्रं बघून रडल्या म्हने. तुमच्या अंबरनाथला पन एका चाळीच्या भिंतीवर दाखवला. तू बघितलास? नाय? चाळ कुठली ते तरी ठाऊक हाय का? नाय. बरं. मी आपलं सहज विचारलं. तू अंबरनाथचा, ती शिरगावची, ओळख असायची एखाद्या वेळी. नाय ना? बघ हां.

तर मला सांग — तू धंदेवाला मानूस हायेस — फुकट कोन करतं? ती पैसे घेत नाय. एक रुपाया नाय. मी विचारलं, बाय, तुझं पोट कशावर चालतं? तर म्हनते, लग्नाच्या सीडीवर नावं टाकायची कामं करते, शाळांना छोटे छोटे गेम करून देते, त्यावर भागतं काका. भागतं! आनि हे गावोगाव म्हाताऱ्यांना विचारत फिरायचं — आजोबा विहीर कुठं होती, आजी वाट कुठून जायची, बांध कुठला, झाड कुठलं — हे कशासाठी? हौस! हौसेला बांध कशाला लागतो रे? विहीर लागेल, झाड लागेल, देऊळ लागेल. बांध कशाला? मी चौसष्ट वर्षांचा हाय, मला शिकवू नको. एका बाजूनं कल्यानचा बिल्डर गावात गाडी घेऊन शिरतो, नि दुसऱ्या बाजूनं ही पोरगी वही घेऊन शिरते. एकाच महिन्यात. आता ह्याला योगायोग म्हनायचं का? तू म्हन. मी नाय म्हननार.

खालचा कोपरा राहिला तुझा. हां, तो.

मला आधी कळलंच नाय, खोटं कशाला बोलू. आली तवा ओसरीवर बसवली, चहा दिला. तिनं एवढंसं यंत्र ठेवलं पुढ्यात, आगपेटीएवढं, आनि म्हनाली, काका, तुमच्या लहानपनाचं सांगा, कायपन. आता मला सांग, माझ्या घरात चार मानसं हायेत, पन 'कायपन सांगा' असं मला कोन म्हटलंय ह्या दहा वर्षांत? अनंता म्हनतो, बाबा, आवाज कमी करा. सून टीव्ही लावते. ही पोरगी हनुवटी हातावर ठेवून दोन तास बसली. मग मी सांगितलं. सुटलोच. मी नि माझा धाकटा भाऊ भगवंता — वारला तो, अठरा वर्षं झाली — आमी दोघं शेताच्या विहिरीपासून बांधावरून पळायचो. शर्यत. बांध दीड वीत रुंद, दोन्ही बाजूनं चिखल, पाय घसरला की बगळ्यागत उभा. भगवंता बारीक, वाऱ्यासारखा जायचा. मी मागं. मग तो दगडावर चढून ओरडायचा, मी राजा, मी राजा! पोरगी हसली. म्हनाली, दगड कुठं होता काका? नि मी — मीच रे — अगदी हात करून सांगितलं. विहिरीपासून निघालं की आधी दगड, मग जांभूळ. दगडापर्यंत आपलं, दगडाच्या पुढं, जांभळीसकट, भगवंताच्या वाटनीचं. आमच्या बापानं दोघांना उभं करून दाखवलेलं, तसंच्या तसं सांगितलं. वर चार दिवसांनी देवळात सगळ्यांच्या समोर छाती पुढं काढून बोललो, भिंत माझी घे बाय, चुना मारून देतो. माझ्याच तोंडानं. आता नको म्हनायचं तर गाव विचारील, का रे बाबा?

काय झालं म्हंजे? काय नाय झालं. तू रंग मार. — असं बघू नको माझ्याकडं. झालं हे, की आमची जिज्ञासा, अनंताची पोरगी, सातवीला हाय. शाळेच्या कंपूटरवर त्या यशोधरानं गेम टाकून दिलाय, आपल्या गावाचा. विहिरीपासून पळायचं, चिखलात पडायचं नाय, दगडावर चढलं की जिंकलं. सगळी शाळा खेळते. ही घरी आली नि भर जेवताना म्हनाली, आजोबा, गेममधे चुकलंय. गेममधे आधी दगड येतो, मग जांभूळ. आपल्या शेतात तर आधी जांभूळ हाय, मग दगड. अनंता जेवायचा थांबला. मी म्हटलं, गेम हाय तो, गेममधे कायपन असतं. जेव.

आता तू म्हनशील, मग दगड हलला कसा? हलला. दगडाला पाय नसतात हे मला पन कळतं. भातशेतीचं तुला काय ठाऊक? दरसाल बांध घालायला लागतो, चिखल थापायचा, थोडा इकडं थोडा तिकडं होतोच. सगळ्या गावाचे होतात. तो कोरत कोरत जातो. आनि त्या वर्षी पाऊस पन तसाच होता, भगवंता गेला त्या वर्षी, दगड पार कलंडलेला. मग आमी तो नीट बसवला. म्हंजे मी नि आमचा गडी बाळाजी. पहार घेऊन. दोघांना दुपार लागली, असला जड— हां, जड होता. पावसानं कलंडला होता. भगवंताच्या बायकोला कोन होतं सांग? मोतीबाई एकटी, पदरात एक पोरगी, तीही लग्न होऊन वांगनीला गेली. शेत कसनार कोन? मीच कसलं. जांभळांची टोपली दरसाल पाठवतो तिला, विचार कोनालाही. चार गुंठे म्हंजे काय असतात? कायच नाय. तवा कायच नव्हते. आता ते रस्त्याला लागलेत, त्याला मी काय करू? रस्ता मी आनला का?

गुरुवारी सह्या हायेत. बिल्डर दोन्ही वाटन्या घेतोय, ज्याच्या वहिवाटीत जेवढं तेवढं त्याचं, मोजनी-बिजनी काय नाय. मोतीबाई मी दाखवीन तिथं सही करनार, अठरा वर्षं तेच करते ती. आनि आज, बरोबर दोन दिवस आधी, ह्या भिंतीवर, घराएवढा दगड नि माडाएवढं जांभूळ, सगळं गाव बसलेलं, पहिल्या रांगेत मोतीबाई. नि आवाज कोनाचा? माझा! पोरीनं माझाच आवाज लावलाय त्या चित्रांना, तिनंच सांगितलं मला! आधी दगड, मग जांभूळ — कोंडाजी पाटील सांगतोय. कोनाला खोटं पाडू? स्वतःला? म्हनून म्हनतो, तिला कोनीतरी पाठवलंय. मोतीबाईच्या जावयानं पाठवली असेल. नायतर बिल्डरनंच, भाव पाडायला. एवढी साधी कोन नसते रे. नसतेच. चल, चल, हातभर झालं नुसतं, दोन वाजले.

आता का थांबलास? कोन हाय मागं? — अरे देवा. तीच. मोतीबाई. कुंपनाशी उभी हाय. कवापासून उभी हाय? तू बोलला का नाय मला! मला ह्या कानानं ऐकू येत नाय, तुला सांगायला नको? — तिला बसायला सांगू नको, बसायची नाय ती. आमच्यात धाकटी भावजय थोरल्या दिराशी तोंडावर बोलत नाय. मधे कोन असेल त्याला सांगते. कोनच नसलं तर मांजराला सांगते, नि आमी मांजराकडं बघून उत्तर देतो. हस, हस. चाळीस वर्षं असंच चाललंय. आता तुझ्याशी बोलतेय बघ. ऐक नि मला सांग. मोठ्यानं सांग.

काय? तिनं बघितलंय? कधी? — पोरगी आधी तिच्याकडं गेली. तिच्या मानसाचं चित्र हाय म्हनून तिला विचारायला गेली. दाखवलं घरी. दोनदा. म्हंजे तिला— बरं. पुढं? पुढं काय म्हनते?

परत सांग.

'दगड बसवत होते तवा मी भाकरी घेऊन आले होते. करवंदीच्या जाळीमागं उभी होते.' — असं म्हनाली? तू तुझ्या मनानं तर नाय ना घालत? तिला विचार, कुठला दगड. नको, विचारू नको. त्या दिवशी भाकरी आली होती. खरी गोष्ट हाय. गरम होती अजून. बाळाजी म्हनाला पन, बाईचा मानूस जाऊन महिना नाय झाला नि आपल्याला वेळेवर भाकरी देते. अठरा वर्षं, पेंटर. अठरा वर्षं गनपतीला मोदकाचं ताट पाठवते ती माझ्याकडं. माझी बायको आजारी होती तवा रात्रंदिवस हिनं केलं. आनि मला वाटत होतं, साधी हाय बिचारी, तिला कुठं काय कळतंय. मी साधा. मी गाढव.

अजून काय म्हनते? सांग ना. 'गुरुवारी सही करते. सांगतील तिथं करते.' हां. 'पन भिंत आज पांढरी राहू द्या. मला ह्यांना पळताना बघायचंय. मी त्यांना लहान कधी बघितलं नाय.'

ठेव. ब्रश ठेव खाली. किती काळं झालं? हातभर. त्याच्यावर चुना बसेल का साडेसातपर्यंत? नाय बसनार? बसेल, ऊन हाय, मी मारतो.

तिला सांग, की गुरुवारी— नाय. तू काय सांगनार. तू कोन सांगनार? घरचा नाय, पावना नाय, कोन नाय. डबे उचल तुझे. शिडी राहू दे, मला लागेल, संध्याकाळी ने. अरे जा ना! बघत काय राहिलास? मधे मानूस नको आता. जा म्हनतो ना.