झिपरीला कोणाची हरकत आहे काय?

काय सांगू तुम्हाला, कागदावरचा विश्वास मला बापाकडून मिळाला. मूल तालुक्यात तळ्याकाठी आमचे गाव, वडील गावचे कोतवाल, सरकारी टपाल पागोट्यात खोचून पावसापाण्यात कोरडे पोचवायचे. मी शिकलो, भद्रावतीच्या कारखान्यात कारकून झालो, आणि नोकरी संपेपर्यंत अर्ज लिहीत राहिलो. नळाला पाणी नाही, अर्ज. खांबावर दिवा नाही, अर्ज. प्रत्येकाच्या माथ्यावर सविनय सादर लिहायचो, पण खरे सांगतो, तो विनय लिहिण्यापुरताच होता.

नव्वदचे दशक सरता सरता मी निवृत्त झालो, क्वार्टर सोडून गावी जायचे ठरले, आणि प्रश्न उभा राहिला झिपरीचा. झिपरी म्हणजे आमची कुत्री, हिने, म्हणजे माझ्या बायकोने, बाटलीने दूध पाजून वाढवलेली. सामानाचा ट्रकवाला म्हणाला, मांगं पलंगाले बांधून टाका ना भाऊ, काय होते? मी म्हटले, ही प्राण्यांवरची क्रूरता आहे, याला कायदा आहे. तो म्हणाला, मंग कायद्याच्याच गाडीत न्या. शेजारी म्हणाले, सोडून द्या इथीच, जगते. त्यावर ही दारात बसली आणि म्हणाली, झिपरी नाई त मी नाई, जा तुमी एकटे अर्ज लिवत.

बस कार्यालयाला तीन पत्रे लिहिली, तेव्हा कुत्री बसमधून न्यायला परवानगी असल्याचे एक उत्तर आले. ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले. झिपरीला सुई टोचून दाखला घेतला, तोंडाला मुसके शिवून घेतले आणि पंधरा दिवस रोज थोडे थोडे घालून तिला सवय लावली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, सकाळपासून खायला देऊ नका, गाडीत ओकणार नाही, पाणी मात्र पाजा. मी ते लिहून घेतले आणि इतके काटेकोर पाळले, की बिस्किटाचा तुकडासुद्धा दिला नाही.

चंद्रपूरपर्यंत गाडी रिकामी होती, छान आलो. स्टँडमागे झिपरीला फिरवले, तिच्या ताटलीत पाणी पाजले. मूलच्या गाडीत मात्र कंडक्टर दारातच आडवा झाला, कुत्रं नाई जमत जी. झाले, माझे डोके तापले, मी पिशवीतून पत्र काढून त्याच्या नाकासमोर धरले. त्याने ते शांतपणे मोठ्याने वाचले, आणि एका ओळीवर बोट ठेवले, सहप्रवाशांची हरकत नसल्यास. म्हणाला, इचारा मंग सगळ्याइले. मी? हो, तुमीच, कागद तुमचा हाय.

आयुष्यात मी मागणी केली होती, विनंती कधी केली नव्हती. दांडी धरून उभा राहिलो, म्हटले, उपस्थित सर्व सहप्रवाशांस सविनय निवेदन करण्यात येते की... मागून कोणी ओरडले, अवो भाऊ, मराठीत बोला ना! सगळी गाडी हसली. मग काय झाले कोण जाणे, तोंडातून आपसूक आले, मले बायकोले अन् या कुत्रीले घरी न्याचं हाय जी, कोणाची हरकत हाय का?

तोच मागच्या सीटवरची मासेमार ढिवराची बाई म्हणाली, माही हाय! तिच्या पायाशी सुक्या झिंग्यांची टोपली, बाजारासाठी नेत होती. मी म्हटले, बाई, तोंड बांधलेले आहे. नाक त मोकळं हाय ना, ती म्हणाली. आणि झिपरीच्या तोंडाला खरेच लाळेची धार लागली होती, शेपूट फटाफट सीटवर आपटत होती. आमची ही रडवेली होऊन म्हणाली, सकाळपासून उपाशी हाय वं बाई ते, यायनं डाक्टरच्या कागदावरून पोटाले काईच देल्लं नाई.

उपाशी? बाई माझ्यावरच उसळली. मुकं जनावर कागदावरून उपाशी ठेवता? तुमी माणूस हा का कोण? उचलली टोपली, वरच्या फळीवर ठेवली आणि कंडक्टरला म्हणाली, मार रे बाप्पा घंटी, बसू दे तिले माह्यापाशी. मूलले उतरलो का मीच चारतो.

वाटेतले जंगल ओलांडेपर्यंत झिपरी त्या बाईच्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती. मूलला मुसके काढले आणि बाईने मूठभर झिंगे पुढे धरले. ही हसली, बाई हसली, कंडक्टरही बघत राहिला.

गावी पोचून मी त्या कंडक्टरसाठी आभाराचे पत्र लिहिले, जन्मातले पहिले. आणि उत्तर काय यावे? आपली तक्रार प्राप्त झाली, संबंधिताची चौकशी करण्यात येईल! असा संतापलो म्हणता, एका दिवसात दोन पत्रे टाकली, ही तक्रार नव्हे, हे आभार आहेत, नीट वाचा. पुढे तोच कंडक्टर मूलच्या स्टँडवर भेटला, हात जोडून म्हणाला, भाऊ, साहेबानं इचारलं, मी वाचलो. पण आता माह्याबद्दल चांगलंसुद्धा काई लिवू नका जी.

झिपरी अंगणात म्हातारी होऊन गेली, तिची लेक ही तुमच्या चपलेवर बसली आहे पाहा. कोणी जनावर घेऊन प्रवासाला निघाले की माझ्याकडे अर्ज लिहायला येतात. मी लिहून देतो, आणि बजावतो, कागद खिशात असू द्या, पण गाडीत चढल्यावर आधी तोंडाने विचारा. त्या बाईचे भले होवो, तिची टोपली भरलेली राहो.