नळ्या धुण्याची दुपार

मालकीण – वर नळाला नुसता फेस येतोय. खाली पाणी जोडलंत, की अजून धुण्याचं केमिकलच चालू आहे?

मालक – पाणीच आहे गं. ओरडू नकोस, तळघरात घुमतं.

मालकीण – ओरडू नको तर काय करू? संध्याकाळी सामना, बार गच्च भरणार. त्याआधी बिअरच्या सगळ्या नळ्या धुऊन व्हायला हव्यात. गिऱ्हाइकं बोलायला लागलीत, तुमची बिअर आंबट लागते म्हणून.

मालक – बोलतात झालं. जिभेला हाड आहे का त्यांच्या?

मालकीण – एखादा बोलला असता तर मीही सोडून दिलं असतं. या वर आता. कंबर धरलीय माझी.

मालक – आलो बाई. हा जिना दर आठवड्याला वाढतो की काय! आण तो नळाखाली भरलेला ग्लास, पाणी स्वच्छ आलं का चव बघतो.

मालकीण – अहो! ठेवा तो! ठेवा म्हणते ना!

मालक – अगं, हातावर काय मारतेस! सांडलं सगळं.

मालकीण – सांडू दे. पोटात गेलं का? आ करा. आ करा आधी!

मालक – ओठालासुद्धा लागलं नाही. झालं काय एवढं?

मालकीण – केमिकल आहे त्यात! इथे माझे डोळे चुरचुरतायत त्या दर्पाने, आणि तुम्ही सरळ तोंडाला लावलात?

मालक – या शेवटच्या नळाचा कॉक केमिकलवरून पाण्यावर फिरवायचा राहिला असेल खाली.

मालकीण – कॉकचं सोडा. वास नाही आला तुम्हाला?

मालक – सर्दी आहे जरा.

मालकीण – कुठाय सर्दी? हे त्यातच भिजलेलं फडकं हुंगा. कसला वास येतो?

मालक – फडक्याचा.

मालकीण – थट्टा नको, अहो.

मालक – नाही येत. कसलाच नाही. थंडीत ताप आला होता ना, त्यात गेला तो गेलाच.

मालकीण – आणि इतके महिने रोज नाकाशी ग्लास धरून ‘ठीक आहे’ म्हणत होतात?

मालक – रंग बघायचो, फेस बघायचो. वाटायचं, आज नाही तर उद्या येईल. नाकच नाही तर या धंद्यात माझं काय काम?

मालकीण – मला तरी सांगायचंत.

मालक – तू आधीच किती दमतेस.

मालकीण – म्हणजे पोरीचं बाळ घरी आणलं तेव्हा...

मालक – सगळ्यांनी टाळू हुंगली, मीही हुंगली. सगळे म्हणाले दुधाचा वास येतो, मीही म्हणालो.

[दोघं फरशी पुसतात.]

मालकीण – उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं.

मालक – उद्याही गर्दी असेल.

मालकीण – गेली खड्ड्यात गर्दी. आत्ता खाली जा, तो कॉक फिरवा आणि पाणी भरपूर वाहू द्या. यापुढे धुवायचं तुम्ही, वास मी घेणार.

मालक – जातो. ...सोडलं गं! बघ आता!

मालकीण – थांबा... अजून आहे... हां, गेला दर्प! बिअरचं पिंप जोडा!

मालक – जोडलं. आलो. कशी आहे?

मालकीण – चांगली आहे.

मालक – तसं नको. नीट सांग. वास कसा येतोय?

मालकीण – कसा म्हणजे... ताज्या पावासारखा. वरून जरा लिंबाची साल किसल्यासारखा.

मालक – आणखी?

मालकीण – आणखी तुमच्या शर्टाला घामाचा. बदलून या, माणसं यायला लागतील.