सुंदरबाईची धाकटी

एकोणीसशे चौतीसची गोष्ट. अमळनेर स्टेशनात माझ्या शेजारच्या बाकावर सुंदरबाई महिन्याची लेक घेऊन बसली होती. मुलीचा वरचा ओठ जन्मापासून फाटलेला होता. सासरे तिला परत न्यायला आले.

"घर चाल, सुंदर. फाटेल ओठ बी देवनंच देनं शे. त्याले सुरी लावू नको."

"आबा, त्या ओठानं तिला दूध ओढता येत नाही. कापसाच्या बोळ्यानं पाजते मी."

"मोठी व्हवू दे, मंग पाहू."

"थोरलीच्या वेळीही हेच म्हणालात. झाली का ती मोठी?"

"तिनं नशीब व्हतं."

"नशीब नव्हतं, भूक होती! दीड महिना उपाशी रडली माझ्या मांडीवर, आणि मी तुमचं ऐकत बसले."

"इतली लहान पोर, टेबलवर मरी गयी त?"

"तर मी मारली म्हणून गावभर सांगेन. थोरलीचं तुम्ही कोणाला सांगितलंत?"

गाडीची शिटी ऐकू आली.

"दवाखानामा नाव काय सांगशी? बारसं बी व्हयेल नही."

"थोरलीचंही तुम्ही होऊ दिलं नाहीत. हिचं नाव मी ठेवलंय. प्रमिला. सरका, आबा."