वुल्व्हरीन पाहिलं, देवाशपथ!

नाही, पण मला एक सांगा, पर्यटकांच्या बसमधल्या बावन्न माणसांना सगळं दिसतं आणि गाडी चालवणाऱ्यालाच काही दिसत नाही, हा कुठला न्याय? अलास्कातल्या या रानरस्त्यावर माझे तेवीस उन्हाळे गेले, तुम्हाला सांगतो, तेवीस! कच्चा रस्ता, एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे... दुसरीकडे काहीच नाही! कठडा नाही, कुंपण नाही, खाली थेट नदी. आणि नियम काय, तर प्राणी दिसला की लोकांनी ओरडायचं, "थांबवा!" मी थांबवायची, ब्रेकवर पाय दाबून बसायचं, खुर्ची सोडायची नाही. मग मागे सुरू! "अगंबाई, लांडगा!" "अहो, शिंगं बघा त्याची!" "कसलं गोड आहे हो!" आणि मी? मी रस्त्याकडे बघतोय!

बरं, खऱ्या प्राण्यांसाठी थांबवा, माझं काही म्हणणं नाही. पण परवा एका बाईंनी एकाच दगडासाठी दोनदा थांबवली. जाताना एकदा, येताना एकदा. येताना म्हणतात कशा, "बिचारं अजून झोपलंय!"

तर माझं सगळं अडलं होतं वुल्व्हरीनपायी. अस्वलाने मुंगसाशी सोयरीक केली तर जे काही होईल ना, तो प्राणी. तापट, एकटा, सहसा कुणाला न दिसणारा. कुणाला म्हणजे मला! बाकी सगळ्यांना दिसला. आमचा टायरवाला डेन्झिल, जो गॅरेजच्या बाहेर पडत नाही, त्याला चक्क संडासामागे दिसला! "क्लेम, अरे समोरून चालत गेलं रे, तू कुठे होतास?" कुठे असणार? गाडीत! रस्त्याकडे बघत!

आणि मी बायकोला शब्द देऊन बसलेलो. "व्हर्ना, वुल्व्हरीन दिसलं की त्याच दिवशी गाडीची किल्ली परत. मग आपण ॲरिझोनाला, तुझ्या बहिणीशेजारी, उन्हात." तिचे गुडघे थंडीत ठणकतात हो. दर सप्टेंबरात ती खोकी बांधून दारात उभी. "दिसलं?" "नाही." "बरं, टाक ती खोकी माळ्यावर." एका शब्दाने बोलली नाही कधी. बोलली असती तर बरं वाटलं असतं! नऊ वर्षं मी तीच खोकी वर टाकतोय, आणि दरवेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गेल्या सप्टेंबरात काय झालं, ऐका. अवघड वळण, मागून आरडाओरडा, "थांबवा! अस्वल! पिल्लं!" थांबवली. बावन्नच्या बावन्न माणसं मागच्या खिडक्यांना चिकटली. आणि मी? मी रस्त्याकडे बघतोय... आणि रस्त्यावर... ते! दहा पावलांवर! आलं, बसलं, पोट खाजवलं, माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्याने हाक मारावी तर पळेल, खुर्ची सोडावी तर नियम मोडेल. "अहो..." मी हळूच म्हणालो, "अहो, कुणीतरी इकडे..." कुणाला पडलीय? मिनिटभराने ते निघून गेलं.

सांगितलं तर लोक म्हणतात, "हो का? असेल हो, असेल." तापात बडबडणाऱ्याशी बोलतात ना, तसं! डेपोत डेन्झिल म्हणतो, "फोटो? नाही? क्लेम, निवृत्त व्हायचंय तर सरळ हो की, थापा कशाला?" थापा! तेवीस वर्षं इमानाने गाडी हाकली आणि शेवटी खोटारडा म्हणून जाऊ?

व्हर्नाला पटलं, लगेच पटलं. खोकी उचलली होती तिने. पण माझं तोंड बघितलं आणि खाली ठेवली. "साक्षीदार हवाय ना तुला? पुढच्या उन्हाळ्यात मी येते तुझ्याबरोबर. पुढच्या सीटवर बसते, हलत नाही." अशी बायको मिळायला नशीब लागतं.

यंदा आली. महिनाभर रोज, गुडघ्यांवर शाल, डब्यात सामन मासा, नजर रस्त्यावर. आणि आज सकाळी, तेच वळण, तोच आरडाओरडा, "अस्वल! पिल्लं!" आणि समोर... ते! तेच! बसलं, खाजवायला लागलं! मी न वळता कुजबुजलो, "व्हर्ना, बघ... व्हर्ना?" तर शेजारची सीट रिकामी! मागून तिचाच आवाज, "शूऽऽ! गप्प बस रे, दूध पाजतेय ती!"

संध्याकाळी मीच हात टेकले. म्हटलं, "म्हणू दे लोकांना खोटारडा, तुझ्या गुडघ्यांपुढे माझी अब्रू काय मोठी? उद्या किल्ली देतो, खोकी बांध."

"वेडा आहेस का?" व्हर्ना म्हणाली. "पिल्लं केवढीशी आहेत! ती मोठी होईपर्यंत मी इथून हलायची नाही!"

आणि अस्वलाची पिल्लं, तुम्हाला सांगतो, तीन-तीन वर्षं आईला सोडत नाहीत हो!