डिस्क लागल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही

नाव: बुरुलचा एसेनकुलोवा. वय: अठ्ठावन्न. धंदा: पूर्वी बालवाडीत स्वयंपाकीण, आता घरी दही-लोणी करून बाजारात विकते. राहणार: नदीपलीकडची गल्ली, निळं फाटक, कोचकोर.

मी ठाण्यात स्वतःच्या पायांनी आले आहे, मला कुणी धरून आणलेलं नाही, आणि साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझी सून बर्मेत अशा दोघी राहतो. माझा मुलगा माक्सात लग्नानंतर कामासाठी रशियात गेला. पहिल्या वर्षी त्याने तिकडून होम थिएटर पाठवलं, म्हणजे डिस्कचं मशीन आणि पाच स्पीकर. त्यानंतर काही पाठवलं नाही. त्याने तिकडे दुसरं घर केलं आहे. हे गावाला माहीत आहे, बर्मेतलाही माहीत आहे, त्यामुळे लिहिलं तरी चालेल.

आज दुपारी बर्मेतचे वडील शारशेन, म्हणजे माझे व्याही, मोटार घेऊन आले. मी चहा ओतत होते. कप हातात घेण्याआधीच म्हणाले, "विहीणबाई, पोरीला न्यायला आलोय." मी म्हटलं, "न्या की. चार दिवस माहेरपण होईल." ते म्हणाले, "चार दिवस नाही. कायमची."

पांढरा रुमाल बांधून उंबऱ्याच्या आत घेतलेली सून माघारी जात नसते, असं मी त्यांना चांगल्या शब्दांत सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "रुमाल बांधताना सगळ्या गावासमोर काय बोलल्या होतात? 'माझ्या पोराने हिला नांदवलं नाही, तर मी स्वतः हिला तुमच्या दारात आणून सोडीन.' आठवतं का?" मी असं काही बोलले नव्हते. बोलले असते तर आठवलं असतं. मी त्यांना खोटारडे म्हटलं, त्यांनी मला विसरभोळी म्हटलं. खोटारडे हा शब्द मी मागे घेते.

लग्नाची डिस्क घरात होती. मी म्हटलं, "होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष. लावा डिस्क." मशीन मला लावता येत नाही आणि शारशेनना तर टॉर्चसुद्धा धड लावता येत नाही. म्हणून शेजारच्या कुबातला हाक मारली. तो भाड्याची गाडी चालवतो. ज्याला बटण आहे ते सगळं आपल्याला कळतं, असं त्याचं म्हणणं आहे. तो आत आल्यावर मी दाराला आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, "आता डिस्क लागल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही." अर्ध्यातच उठून शारशेन पोरीला गाडीत बसवतील, अशी मला भीती होती. खिडक्या थंडीसाठी खिळे मारून बंद केलेल्या आहेत. ते गेल्या हिवाळ्याचं काम आहे, त्याचा आजच्या गुन्ह्याशी संबंध नाही.

बर्मेत शेगडीपाशी कणकेचे बोर्सोक तळत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

प्रथम मशीनचा दिवा लागेना. मशीन जळालं, असं कुबातने जाहीर केलं. शारशेननी वायर हातात घेऊन ओढली, तेव्हा प्लग सॉकेटमध्ये नव्हताच असं आढळलं. दिवा लागला. मग रिमोट चालेना. तो आल्यापासून मी प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवला आहे, खराब होण्याचं कारण नव्हतं. उघडून बघितलं तर आत बॅटऱ्या नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळातल्या काढून घातल्या. त्यामुळे यापुढच्या वेळा साहेबांनी आपल्या घड्याळाप्रमाणे लिहाव्यात.

त्यानंतर मशीनवर 'डिस्क नाही' अशी अक्षरं आली. कुबात म्हणाला, "आपा, ही डिस्कच गेलीय." मी म्हटलं, "डिस्क कुठे जात नाही, तूच उलटी घातली असशील." त्याने उलटी घातली नव्हती असं तो अजूनही म्हणतो, पण काढून पालथी केल्यावर मशीनने ती घेतली. थोडी फिरली आणि थांबली. मग भिंगावर धूळ असणार, ते स्पिरिटने पुसावं लागतं, स्पिरिट नसलं तर व्होडका चालते, असं कुबातने सांगितलं. मी बाटली दिली. भिंगाला कापसाच्या बोळ्यापुरती लागली, बाकीची कुठे गेली ते कुबातला विचारावं.

मशीन तव्यासारखं तापलं होतं. त्यावर माझ्या आईने भरलेलं कापड असतं आणि मी ते काढू देत नव्हते. बाजूला गोधड्यांची चळत टेकलेली, त्यामुळे वारा लागत नाही असं कुबातचं म्हणणं पडलं. शेवटी कापड काढलं, गोधड्या हलवल्या आणि ते थंड व्हायची वाट बघत बसलो. या वेळात कोंडलेल्या माणसांना चहा, लोणी आणि गरम बोर्सोक देण्यात आले. शारशेननी दोनदा मागून घेतले. खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर बसूनच पोलिसांना फोन लावला. नंबर त्यांना पाठ नव्हता, तो मी सांगितला.

साहेब आले. मी दार उघडून त्यांना आत घेतलं आणि कुलूप पुन्हा लावलं. साहेब म्हणाले, "आपा, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "बूट काढ, बाळा, गालिचा धुतलेला आहे." साहेबांना बाळा म्हटल्याबद्दल माफी असावी, पण त्यांची आई आणि मी बालवाडीत एकाच चुलीवर काम केलं आहे.

टीव्ही सगळा निळा दिसत होता. साहेबांनी टीव्हीचा रिमोट घेऊन एकच बटण दाबलं आणि लग्न दिसायला लागलं. टीव्ही भलत्याच चॅनेलवर लावलेला होता म्हणे. कुबात म्हणाला, "मी तेच सांगणार होतो."

चित्र स्वच्छ होतं, पण आवाज नव्हता. मी पडद्यावर बर्मेतच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधत होते आणि माझं तोंड हलत होतं. शारशेन ओरडले, "बघा! 'आणून सोडीन' म्हणताय!" मी म्हटलं, "डोळे तपासून घ्या. 'उंबरा सांभाळ' म्हणतेय." कुबात म्हणाला, "मला तर 'मटण वाढा' असं वाटतंय." डिस्क मागे नेऊन पुन्हा लावली. माझं तोंड पुन्हा हललं आणि पुन्हा भांडण झालं. साहेबांनी मत दिलं नाही.

तेव्हा बर्मेतने शेगडी बारीक केली, हात पुसले आणि आली. मशीनच्या मागे हात घालून तिने स्पीकरच्या वायरी एकामागून एक खोचल्या. मागे वाकून बघितलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "तुला गं कसं माहीत?"

"मीच काढून ठेवते, आपा. तुम्ही बाजाराला गेलात की लावते. तुम्ही यायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवते. प्लग, बॅटऱ्या, सगळं."

"काय ऐकतेस?"

"हेच."

"मग मघापासून आम्ही एवढी झटापट करतोय, बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

मग आवाज आला. पाचही स्पीकरमधून माझाच आवाज, काचा हादरल्या. शारशेननी सांगितलं होतं ते सगळं मी बोलले होते, आणि वर आणखी बोलले होते की, "जाताना हिची मान खाली असणार नाही, याची जबाबदारी माझी." लोक टाळ्या वाजवत होते. मी पडद्यावर फार खूश दिसत होते.

बर्मेतने मशीन बंद केलं. मी तिला विचारलं, "जायचंय तुला?" ती माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "हो, आपा."

मला फार वाईट वाटलं. जबाबात हे लागत नाही असं साहेब म्हणतात, तरी लिहावं. माझा मुलगा गेलाच आहे. निदान ही पोरगी राहील, संध्याकाळी दोन कप चहा ओतावा लागेल, एवढाच माझा स्वार्थ होता. मी किल्ली काढून दार उघडलं.

माझ्यावर जबरदस्ती झालेली नाही. शारशेन यांची आता तक्रार नाही असं ते सांगतात. व्होडकाबद्दल कुबातवर माझी तक्रार नाही. बाहेर शारशेन यांची मोटार उभी आहे, बर्मेतच्या गोधड्या मी स्वतः बांधून वर चढवल्या आहेत. तिच्या वडिलांच्या दारापर्यंत मी बरोबर जाणार आहे, कारण तसं बोलले होते. अंधार पडायच्या आत घाट ओलांडायचा आहे, तरी लिखाण लवकर उरकावं.

वर लिहिलेलं साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, एका दुरुस्तीखेरीज. शेवटच्या रकान्यात 'शारशेन व कुबात यांना घरात कोंडून ठेवले' असं साहेबांनी लिहिलं आहे. त्यात बर्मेतचंही नाव घालावं. तिलाही आज दुपारपासूनच का, असं साहेबांनी विचारलं. नाही. तिच्या नावापुढे माक्सातचा फोन यायचा बंद झाला, ते साल लिहावं.

सही, बु. एसेनकुलोवा.