लिहिलंय तसं करा, आई!

…नाही, पण मला सांगा, चूक कुणाची? बायको म्हणते माझी, मेहुणा म्हणतो माझी, आणि सासूबाई तर काही म्हणतच नाहीत, नुसत्या बघतात! तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा शिव्या परवडल्या!

झालं काय, मी आणि बायको साइला तळ्यावरच्या झोपडीत. शनिवार दुपार, सॉसेज भाजायला ठेवलेत, आणि फोन! तिथं फोन लागतो कुठं? धक्क्याच्या शेवटच्या फळीवर, एका पायावर उभं राहिलं तर! सासूबाई तिकडे शहरात, तांपेरेला, आमच्या घरी झाडांना पाणी घालायला गेलेल्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं कपाट ओरडतंय."

कपाटात माझा सर्व्हर, घरातलं सगळं साठवणारा कॉम्प्युटर! एकाच डब्यात तीन-तीन मशीनं, म्हणजे खरी नव्हेत हो, एकच डबा तीन असल्याचं सोंग घेतो, नावं 'जुना', 'नवा' आणि 'तात्पुरता'. डिस्क भरली की डबा बोंबलतो. पण मी काय कच्च्या गुरूचा चेला? सगळ्या कमांड वहीत लिहिलेल्या, लाल वही, पान चार! म्हटलं, लिहिलंय तसं करा, आई!

आता सासूबाई कोण? चाळीस वर्षं रेल्वेत, जंक्शनवर गाड्यांना वाट द्यायचं काम. त्यांना काही सांगितलं की तेच परत म्हणून दाखवतात. मी म्हणतो, "दोन आडव्या रेघा." त्या म्हणतात, "दोन आडव्या रेघा, समजलं." मी म्हणतो, "मग जागा सोडा." "किती जागा?" अहो, एक! "एक जागा, समजलं." इकडे डास माझं रक्त पितायत, तिकडे साइला ओरडतेय, "सॉसेज जळले!" आणि मी एका पायावर… लिहिलंय तसं करा, आई!

सातवी ओळ आली. 'डिस्क भरली तर जुना पुसून टाकणे.' त्यांनी टाइप केलं, अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, आणि थांबल्या. "जावईबापू, जुना म्हणजे काय? आमच्याकडे 'जुना रूळ' म्हणून कुणी गाडी सोडत नसे. त्यावर काही उभं आहे का, ते आधी बघत."

मी म्हटलं, रिकामा आहे हो! एंटर दाबा!

"बघितल्याशिवाय नाही."

काय बाई आहे! माझा डबा, माझी वही, माझं अक्षर! लिहिलंय तसं करा, आई! तर त्यांनी माझ्याच वहीतली तिसरी ओळ चालवली, काय चालू-काय बंद ते दाखवणारी, आणि शांतपणे वाचलं, "जुना, चालू. नवा, बंद. जुन्यात एक फोल्डर आहे. नाव आर्वो."

माझा दुसरा पाय धक्क्यावर आला. आर्वो म्हणजे माझे सासरे… गेले चार वर्षांपूर्वी. त्यांचं अकॉर्डियन, सगळं रेकॉर्डिंग, बाई दर रविवारी येऊन ऐकतात! सगळं 'नव्या'त हलवायचं होतं, 'नवा' उठेचना, म्हटलं राहू दे जुन्यातच, वही उद्या दुरुस्त करू. त्या उद्याला दोन वर्षं झाली! बॅकअप? …विचारू नका. बॅकअपही जुन्यातच!

म्हटलं, "आई… 'नवा' पुसा. 'जुन्या'ला हात लावू नका."

"'नवा' पुसते, 'जुन्या'ला हात नाही, समजलं." कपाट गप्प झालं. आणि मग फोनमधून अकॉर्डियन ऐकू आलं. सगळं आहे ना, बघत होत्या. स्पष्ट सांगतो, रडलो. तळ्याकडे तोंड करून, पण रडलो! जीव असा भांड्यात पडला की जळके सॉसेज मिटक्या मारत खाल्ले.

आता? वही त्यांनी नव्यानं उतरवून काढलीय, सुवाच्य अक्षरात. बॅकअप दोन, एक त्यांच्या घरी. मी तळ्यावर असलो की सगळं झकास चालतं. पण घरी असलो ना, की दर तासाला साइलाला त्यांचा फोन, "तो कपाटापाशी एकटा तर नाही ना?"